राखीव मेमरी कर्नल पुन्हा पुन्हा वापरून टाकतो तेव्हा

लक्षणं आधी सांगतो, कारण या दुखण्यात निम्मा वेळ ते ओळखण्यातच जातो. मशिन व्यवस्थित सुरू होतं, दोन-तीन दिवस चालतंही. मग भलताच कुठलातरी प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो. दुसऱ्या दिवशी फाइल सिस्टिम चेकसम जुळत नाही म्हणून रडते. तिसऱ्या दिवशी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्वतःच पॅनिक होऊन थांबतो आणि स्टॅक ट्रेस (त्या क्षणी कोणतं फंक्शन कुठून बोलावलं होतं त्याची यादी) बघून काही म्हणता काही बोध होत नाही. रॅम तपासावी तर ती ठणठणीत. या सगळ्याबरोबर मशिनमध्ये ठरलेल्या फिजिकल ॲड्रेसवर थेट लिहिणारं एखादं हार्डवेअर असेल, आणि ती जागा तुम्ही कर्नलपासून राखून ठेवली आहे अशी तुमची समजूत असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आमच्याकडे हे तीनदा झालं. एका पीसीआय एक्सप्रेस कार्डाच्या फर्मवेअरमध्ये २ जीबीच्या खुणेपासून पुढची ६४ एमबी जागा कायमची कोरलेली होती. असं का केलं हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही. पहिल्या खेपेला आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, म्हणजे दोन आठवडे ड्रायव्हरचा कोड उसवत बसलो. ड्रायव्हर निर्दोष होता. पुढच्या दोन खेपांना कारणं वेगवेगळी निघाली, पण त्यांची जात तीच. राखीव जागेची सूचना आम्ही लिहिली होती. ती कर्नलपर्यंत पोहोचली नव्हती, किंवा पोहोचताना तिचा अर्थच बदलला होता.

(आज्ञा, पर्याय आणि संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. मशिनवर टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंग वापरा. उदाहरणं लिनक्सची आहेत.)

बिघाड इतक्या उशिरा का दिसतो, हे कळलं की बराच गोंधळ मिटतो. ६४ बिट एक्स८६ वर कर्नल रॅमचे झोन, म्हणजे ॲड्रेसनुसार भाग, पाडतो. ४ जीबीच्या खालचा बराचसा भाग डीएमए३२ झोनमध्ये जातो आणि वरचा नॉर्मल झोनमध्ये. साध्या मागण्या आधी नॉर्मलमधून भागवल्या जातात, तिथे चणचण भासली की मग डीएमए३२ ला हात घातला जातो. आमच्या मशिनमध्ये १६ जीबी रॅम होती. त्यामुळे २ जीबीजवळची पानं (कर्नल मेमरी ज्या छोट्या समान तुकड्यांत वाटतो ते) कित्येक दिवस कोणी मागतच नव्हतं. कार्ड तिथे बिनधास्त लिहीत होतं, कर्नलच्या लेखी ती पानं मोकळी होती आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं. मग एखाद्या मोठ्या बॅकअपच्या वेळी पेज कॅश (फाइलींच्या रॅममध्ये ठेवलेल्या प्रती) फुगत फुगत तिथवर पोहोचायचा आणि त्या पानांवर कार्डाचा डेटा येऊन आदळायचा. म्हणून "परवापर्यंत नीट चालत होतं" या वाक्यावर या बाबतीत अजिबात विसंबू नका. परवाही ते मोडलेलंच होतं.

तर पहिलं काम: तुम्ही काय लिहिलंत ते बाजूला ठेवा आणि कर्नलला काय समजलं ते बघा. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून /प्रॉक/आयओमेम वाचा. रूट नसाल तर सगळे ॲड्रेस शून्य दिसतील आणि फाइलच बिघडली आहे असं वाटेल. त्या यादीत आपली जागा शोधा. २ जीबी म्हणजे हेक्समध्ये ८०००००००, आणि ६४ एमबी पुढे ८४००००००. हा पट्टा 'रिझर्व्ह्ड' अशा स्वतंत्र ओळीत दिसला तर राखण झालेली आहे. तो 'सिस्टिम रॅम' नावाच्या मोठ्या ओळीच्या पोटात गडप झालेला असेल तर झालेली नाही, मग कॉन्फिगरेशनच्या फाइलीत काहीही लिहिलेलं असो.

दुसरी खूण डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या लॉगमध्ये, अगदी वर असते. बायोस-ई८२० या नावाने फर्मवेअरने दिलेला मेमरीचा नकाशा आधी छापला जातो. तुमची मेमॅपची सूचना (जागा राखण्यासाठी कर्नलच्या बूट ओळीत लिहितात ती) कर्नलने मानली असेल तर थोडं खाली 'युजर-डिफाइन्ड फिजिकल रॅम मॅप' असा दुसरा नकाशा येतो आणि त्याच्या ओळी 'युजर' या शब्दाने सुरू होतात. हा दुसरा नकाशाच नसेल तर पुढचं काही बघू नका, सूचना पोहोचलेली नाही. तिसरी जागा /प्रॉक/सीएमडीलाइन. बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) कर्नलच्या हाती शेवटी काय ठेवलं, ते अक्षरशः तसंच तिथे असतं.

आता डॉलरच्या चिन्हाकडे येतो, कारण आमची पहिली खेप तिथेच गेली. एक्स८६ वर ठराविक जागा राखायची तर कर्नलच्या ओळीत असं लिहितात:

मेमॅप=६४एम$२जी

म्हणजे २ जीबीपासून ६४ एमबी राखीव. आकडा, चिन्ह, आकडा, इतकं सरळ. पण हीच ओळ /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये (ग्रब या बूटलोडरच्या सेटिंगची फाइल) दुहेरी अवतरणांत लिहिली की तिला दोन ठिकाणांहून जावं लागतं, आणि डॉलर दोन्हीकडे खास आहे. ही फाइल आधी शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) वाचतो. त्याला '$२' म्हणजे दुसरा आर्ग्युमेंट वाटतो. तो रिकामा असतो, म्हणून डॉलर आणि २ दोन्ही नाहीसे होतात. शेलपासून कसंबसं वाचवलं तर पुढे ग्रबची स्वतःची स्क्रिप्ट भाषा आहे, आणि तीही हेच करते. शेवटी कर्नलच्या हाती उरतं ते 'मेमॅप=६४एमजी'.

सूचना चुकली तर कर्नल ती दुर्लक्षित करेल अशी आपली अपेक्षा असते. तसं होत नाही. कर्नल ६४एम इथपर्यंत वाचतो, पुढे ओळखीचं चिन्ह सापडत नाही, आणि चिन्ह नसलेल्या मेमॅपचा अर्थ त्याच्या लेखी 'एकूण मेमरी एवढीच धर' असा आहे. म्हणजे १६ जीबीचं मशिन ६४ एमबीवर उठायचा प्रयत्न करतं. कधी पॅनिक, कधी नुसता काळा पडदा. सुरुवातीचे संदेश सिरियल कन्सोलवर पकडता आले तर 'मालफॉर्म्ड अर्ली ऑप्शन' ही ओळ दिसते, पण ती दिसेपर्यंत मेमरी कापली गेलेली असते. आमच्या एका सहकाऱ्याने असं मशिन 'मेलं' म्हणून बाजूला काढून ठेवलं होतं.

खरं तर मशिन उठत नाही हे नशीबच म्हणायचं. कळतं तरी. मेमॅपचा शब्दच गाळला गेला, तर मशिन आनंदाने उठतं आणि वर सांगितलेला तीन दिवसांचा खेळ सुरू होतो.

उपाय असा की त्या फाइलीत दुहेरी अवतरणांत डॉलरच्या आधी तीन बॅकस्लॅश द्यायचे:

मेमॅप=६४एम\\\$२जी

पहिल्या दोनांचा शेल एक करतो आणि तिसऱ्याने डॉलर वाचवतो, त्यामुळे ग्रबच्या तयार फाइलीत '\$' उतरतं आणि ग्रब त्याचा साधा डॉलर करतो. एकेरी अवतरणं वापरलीत तर शेल हात लावत नाही, एकच बॅकस्लॅश पुरतो. बूटच्या वेळी मेन्यूत ई दाबून ओळ बदलत असाल तर मध्ये शेल नाहीच, तिथेही एकच. काही वितरणांत प्रत्येक कर्नलची बूट-नोंद वेगळ्या छोट्या फाइलीत असते आणि तिथे हिशोब आणखी निराळा होतो. म्हणून बॅकस्लॅशची संख्या पाठ करू नका. बदल करा, रीबूट करा, /प्रॉक/सीएमडीलाइन मध्ये उघडा डॉलर आणि त्याच्या मागेपुढे दोन्ही आकडे शाबूत आहेत का ते बघा.

डॉलर टाळायचा म्हणून काही जण दुसरं चिन्ह घालून मोकळे होतात. तसं करू नका. '@' म्हणजे 'ही जागा रॅम आहे, वापर', म्हणजे बरोबर उलटा अर्थ. '#' ने जागा एसीपीआय डेटा (फर्मवेअरचे तक्ते) म्हणून नोंदली जाते. '!' ने ती पर्सिस्टंट मेमरी (वीज गेली तरी टिकणारी) ठरते आणि तिच्यावर पीमेमचा ड्रायव्हर येऊन बसू शकतो. पर्सिस्टंट मेमरीची नक्कल हवी असेल तर ते उत्तम, आपल्या कामाला नाही.

दुसऱ्या खेपेचं कारण सांगायलाही लाज वाटते. कोणीतरी घाईत ग्रबची तयार फाइल हाताने बदलली होती. कर्नलचं पुढचं अपडेट आलं, ती फाइल नव्याने तयार झाली, आणि आमची ओळ गेली. त्या फाइलीच्या डोक्यावरच 'ही हाताने बदलू नका' असं लिहिलेलं असतं. दर अपडेटनंतर तुमचा त्रास परतत असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा.

'मेम=' नावाचा आणखी एक मोह असतो. मेमरीचा वरचा टोकाचा भाग कापून टाकू, मग तो आपलाच. दिसतं सोपं, पण दोन खड्डे आहेत. एक, मेम= रॅमची मोजदाद करत नाही, ती ॲड्रेसवर रेघ मारते. ४ जीबीच्या खालचा काही पट्टा पीसीआय उपकरणांसाठी मोकळा ठेवलेला असतो आणि तेवढी रॅम ४ जीबीच्या वर सरकवलेली असते. त्यामुळे ४ जीबी रॅमच्या मशिनवर मेम=४जी लिहिलंत तर काहीच कापलं जाणार नाही असं वाटतं, आणि प्रत्यक्षात वर सरकवलेला सगळा भाग जातो. दोन, आणि हा जास्त वाईट: एक्स८६ वर मेम= ने कापलेली जागा नकाशात 'राखीव' म्हणून उरत नाही, ती नकाशातूनच जाते. कर्नलच्या दृष्टीने तिथे पोकळी असते आणि पोकळीत तो पीसीआय उपकरणांचे बार (त्यांच्यासाठीचे ॲड्रेसचे पट्टे) नेऊन बसवू शकतो. खाली खरी रॅम आहे हे त्याला माहीतच नसतं. कर्नलच्या कागदपत्रांतही हा इशारा आहे आणि मेम= बरोबर मेमॅप द्या असं सुचवलेलं आहे. मग नुसतं मेमॅपच का नको?

ॲड्रेस निवडायचं स्वातंत्र्य तुम्हाला असेल (आम्हाला नव्हतं), तर बायोस-ई८२० च्या यादीत 'युजेबल' लिहिलेल्या पट्ट्याच्या आतला पट्टा घ्या. फर्मवेअर बदललं की ही यादी बदलते, म्हणून पट्ट्याच्या अगदी कडेला जागा धरू नका. सुरुवात आणि आकार दोन्ही २ एमबीच्या पटीत ठेवा, पेज टेबलांना ते सोयीचं जातं. क्रॅशकर्नल= ने केडंपसाठी (कर्नल कोसळल्यावर मेमरीची प्रत घेण्याची सोय) जागा राखली असेल तर /प्रॉक/आयओमेम मध्ये 'क्रॅश कर्नल' कुठे आहे तेही पाहून घ्या.

केएएसएलआरबद्दलही विचारलं जातं. कर्नल स्वतःला रॅममध्ये कुठेही उतरवतो, मग तो आपल्या राखीव जागेतच उतरला तर? सध्याचे कर्नल उतरण्याआधी मेमॅपच्या नोंदी वाचतात आणि त्या टाळतात. मात्र अशा चारच नोंदींची सोय आहे. त्याहून जास्त दिल्या तर फिजिकल ॲड्रेसची सरमिसळ बंद केली जाते. जुन्या कर्नलमध्ये हे भान नव्हतं, तिथे नोकेएएसएलआर देणं भाग पडतं.

ग्रबला मात्र यातलं काही कळत नाही. कर्नलची ओळ तो फक्त पोहोचवतो, वाचत नाही. इनिटआरडी (बूटच्या वेळची तात्पुरती फाइल सिस्टिम) त्याला वाटेल तिथे, कदाचित नेमकी तुमच्या जागेत, उतरवू शकतो. कर्नल उठून ती उलगडून घेईपर्यंत उपकरणाने तिथे लिहिता कामा नये. पीसीआय कार्डाला बस मास्टरिंग (स्वतःहून मेमरीत लिहा-वाचायची मुभा) चालू केल्याशिवाय लिहिता येत नाही आणि ते चालू करणं ड्रायव्हरच्या हातात असतं, म्हणून एरवी निभावतं. केएक्सेकने एका कर्नलमधून थेट दुसऱ्यात उडी मारलीत की हे संरक्षण जातं. आधीच्या ड्रायव्हरने कार्ड थांबवलं नसेल तर ते लिहीतच राहतं, आणि नव्या कर्नलला आधीची बूट ओळ दिली नसेल तर त्याला राखीव जागेचा पत्ताच नसतो. आमची तिसरी खेप ही. केएक्सेकला रीयुज-सीएमडीलाइन हा पर्याय आहे, तो वापरा, आणि ड्रायव्हरच्या शटडाउन फंक्शनमध्ये कार्डाचा डीएमए (थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) बंद करा.

आर्म प्रोसेसरच्या बोर्डांवर हे जग बरंच वेगळं आहे. आर्म६४ चा कर्नल मेमॅपची डॉलरवाली सूचना ओळखतच नाही, त्यामुळे ती देऊन काही का होत नाही म्हणून डोकं फोडू नका. तिथे काम डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनातून, होतं: मुळाखाली रिझर्व्ह्ड-मेमरी नावाचा नोड आणि त्याच्या पोटात प्रत्येक जागेसाठी एक नोड.

त्यातली सगळ्यात जुनी चूक म्हणजे मेमरी नोडमधला आकार कमी करून जागा वाचवायला जाणं. तुम्ही १ जीबीऐवजी ९६० एमबी लिहिता, बोर्ड उठतो आणि फ्री आज्ञा जवळपास पूर्ण १ जीबी दाखवते. कारण यू-बूट (तिथला बूटलोडर) कर्नलला ट्री देण्याआधी मेमरी नोड स्वतःला माहीत असलेल्या आकाराने पुन्हा लिहितो. तुमचा बदल त्याच्या हातून पुसला जातो, आणि तसं सांगणारी ओळही कुठे येत नाही. तो नोड त्याच्यावर सोडा, रिझर्व्ह्ड-मेमरी वापरा.

वापरूनही काही होत नसेल तर तुम्ही बदललेली ट्री खरंच बोर्डावर पोहोचली का हे बघा. बूटलोडर भलत्याच पार्टिशनवरची जुनी डीटीबी (ट्रीची तयार फाइल) उचलत असतो आणि आपण दुसऱ्या पार्टिशनवर नवी ठेवत बसतो, हे मी स्वतः दिवसभर केलेलं आहे. चालू कर्नलला मिळालेली ट्री /प्रॉक/डिव्हाइस-ट्री खाली उघडी पडलेली असते. तिथे तुमचा नोड नसेल तर फाइल चुकीची आहे.

नोड आहे पण राखण नाही, अशा वेळी डीमेसेजमध्ये 'रिझर्व्ह्ड मेमरी: अनसपोर्टेड नोड फॉरमॅट, इग्नोरिंग' शोधा. रिझर्व्ह्ड-मेमरी नोडमध्ये #ॲड्रेस-सेल्स आणि #साइझ-सेल्स (ॲड्रेस आणि आकार किती ३२ बिट आकड्यांत लिहिले आहेत ते) मुळातल्या किमतींशी जुळायला हवेत आणि 'रेंजेस' हा रिकामा गुणधर्म असायलाच हवा. रिकामा आहे म्हणून लोक तो काढून टाकतात, आणि मग पूर्ण नोड कर्नल सोडून देतो. ६४ बिट बोर्डावरची ट्री ३२ बिटवर चिकटवली की सेल्सची गडबड हमखास होते.

'नो-मॅप' लावायचं की नाही, हा प्रश्न थोडा निवांत बघू, कारण यातून येणारे बिघाड फार फसवे असतात. नुसती जागा राखली तर कर्नल ती कोणाला वाटत नाही एवढंच होतं. त्याच्या लिनियर मॅपिंगमध्ये (रॅमचं कर्नलने कायम ठेवलेलं सरळ मॅपिंग) ती राहतेच, तीही कॅशेबल म्हणून. प्रोसेसर अंदाजाने आधीच वाचून ठेवतो, त्यामुळे तुमच्या कोडने कधी स्पर्श न केलेल्या पानांच्या कॅश लाइनी आत येऊ शकतात. ती जागा दुसऱ्या कोअरवरच्या फर्मवेअरची असेल तर जुना डेटा दिसतो. ती सुरक्षित भागासाठी हार्डवेअर फायरवॉलने बंद केलेली असेल तर तो अंदाजाने केलेला वाचनाचा प्रयत्नसुद्धा एसएरर (आर्म प्रोसेसरची हार्डवेअर चुकीची सूचना) उठवू शकतो, आणि स्टॅक ट्रेसमध्ये सापडतो तो त्या क्षणी योगायोगाने चालू असलेला कोणीतरी निरपराध. नो-मॅप लिहिलं की ती जागा लिनियर मॅपिंगमधूनच निघून जाते. अशा जागेवर आयओरीमॅप किंवा मेमरीमॅप (फिजिकल जागा ड्रायव्हरला वापरता यावी म्हणून मॅप करणारी कर्नलची फंक्शनं) चालतं. नो-मॅप नसलेल्या जागेवर आर्म६४ चं आयओरीमॅप इशारा छापून नल (रिकामा पॉइंटर) परत करतं, कारण त्याच्या लेखी ती अजून रॅम आहे.

माझं मत सरळ आहे: जागा दुसऱ्या कोणाची असेल, म्हणजे फर्मवेअर, दुसरा प्रोसेसर, एफपीजीए (प्रोग्राम करता येणारी चिप), तर नो-मॅप लावा. जागा लिनक्समधल्याच एका ड्रायव्हरसाठी असेल तर शेअर्ड-डीएमए-पूल हा नोडचा प्रकार वापरा आणि डीएमएच्या नेहमीच्या फंक्शनांकडून मागून घ्या. शेअर्ड-डीएमए-पूलबरोबर 'रीयुजेबल' लिहिलंत तर तो सीएमए (एरवी इतरांना वापरू दिला जाणारा सलग मेमरीचा साठा) होतो, नो-मॅप लिहिलंत तर त्या उपकरणाचा खाजगी पूल. दोन्ही एकाच नोडवर लिहायची परवानगी नाही. ३२ बिट आर्मवर रीयुजेबल नसलेल्या पूलला नो-मॅप लागतंच. ते नसेल तर 'रीजन्स विदाउट नो-मॅप आर नॉट येट सपोर्टेड' असा संदेश येतो.

पूल तयार झाला, संदेशही आला, तरी बफर भलत्याच ॲड्रेसवर मिळतो? मग उपकरणाच्या नोडमध्ये 'मेमरी-रीजन' ने त्या पूलकडे बोट दाखवलं आहे का, आणि ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (उपकरण सापडल्यावर चालणारं फंक्शन) ओएफ_रिझर्व्ह्ड_मेम_डिव्हाइस_इनिट बोलावलं आहे का ते पाहा. दुसरी गोष्ट आपोआप होते असं पुष्कळांना वाटतं. ती राहिली की डीएमएची मागणी मुकाट्याने डीफॉल्ट पूलमधून भागते, आणि ड्रायव्हरला तसं कुठे कळतही नाही. त्या फंक्शनची परतीची किंमतही तपासा.

३२ बिटवर मोठी जागा राखणाऱ्यांसाठी एक जाता जाता: राखलेली २५६ एमबी एकाच वेळी मॅप करायला गेलात तर व्हीमॅलॉकची (अशा मॅपिंगसाठी कर्नलने ठेवलेली ॲड्रेसची) जागाच पुरत नाही, आर्मवर ती मुळात २४० एमबी असते. संदेशातच 'यूज व्हीमॅलॉक=' असा उपाय लिहिलेला येतो. तुकड्यातुकड्याने मॅप करणं त्याहून बरं.

इथपर्यंत येऊन एक प्रश्न स्वतःला विचाराच: ठराविक ॲड्रेस खरंच हवा आहे का? बऱ्याचदा हवी असते ती फक्त सलग मेमरी, कुठेही. त्यासाठी सीएमए आहे, २०१२ मध्ये ३.५ च्या कर्नलपासून. उपकरणाला गरज नसताना ती जागा साध्या प्रोग्रामांच्या हलवता येणाऱ्या पानांना मिळते, म्हणजे वाया जात नाही. तिचा स्वतःचा एक रोग आहे. /प्रॉक/मेमइन्फो मध्ये सीएमएफ्री भरपूर दिसतं आणि तरी मागणी फसते. डीमेसेजमध्ये परतीचा आकडा -१६ असेल तर त्या जागेतलं एखादं पान कोणीतरी धरून ठेवलं आहे आणि ते हलवता येत नाही. -१२ असेल तर तेवढा सलग तुकडाच नाही. मोठे बफर बूटच्या वेळीच मागून घ्या आणि सोडू नका, हा त्यावरचा कंटाळवाणा पण टिकणारा उपाय. आणि रीबूटनंतर लॉग वाचता यावा एवढ्यासाठीच जागा हवी असेल तर २०२४ मध्ये आलेला रिझर्व्ह_मेम= पर्याय पाहा. आकार, अलाइनमेंट आणि नाव द्यायचं, जागा कर्नल शोधतो. मात्र दर बूटला तीच जागा मिळेल याची तो हमी देत नाही.

राखण पक्की आहे, आयओमेममध्ये दिसते, तरी बफरमध्ये शून्यं किंवा शिळा डेटा आहे, अशी तक्रार असेल तर ती राखणीची नाही. एक्स८६ वर आधी आयओएमएमयू (उपकरणांनी दिलेल्या ॲड्रेसचं भाषांतर करणारं हार्डवेअर) बघा. तो चालू असेल तर कार्डाने सांगितलेला ॲड्रेस फिजिकल मानला जात नाही. भाषांतराच्या तक्त्यात तो नसेल तर लिहिणं अडवलं जातं आणि इंटेलच्या मशिनवर डीमेसेजमध्ये डीएमएआरच्या फॉल्टच्या ओळी येतात. आयओएमएमयू=पीटी दिलं की कर्नलच्या ताब्यातली उपकरणं सरळ फिजिकल ॲड्रेसवर जातात. आर्मवर आधी कॅश बघा: डीएमए कोहेरंट नसलेल्या (म्हणजे उपकरणाने लिहिलेलं कॅशला आपोआप कळत नाही अशा) बोर्डावर राखीव जागा कॅशेबल मॅप केलीत तर प्रोसेसर आपल्याच जुन्या प्रती वाचत बसेल. /डेव्ह/मेम मधून (फिजिकल मेमरी फाइलसारखी दाखवणारी जागा) बघत असाल तर फाइल ओ_सिंक लावून उघडा. आणि तिथे एमॅपच (ती जागा प्रोग्रामला जोडून देणारा कॉल) नाकारला जात असेल तर थांबून विचार करा. स्ट्रिक्ट डेव्हमेम चालू असलेला कर्नल सिस्टिम रॅम उघडू देत नाही, त्यामुळे तो नकार म्हणजे तुमची राखण झाली नसल्याचा पुरावा असू शकतो. तो पर्याय बंद करून कर्नल पुन्हा बांधणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आता हे पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय केलं ते. आमचा ड्रायव्हर राखीव जागा मेमरीमॅपने, राइट-बॅक (कॅशेबल) प्रकारात मॅप करत होता, आणि हेच बिघाड झाकत होतं. राखण असो वा नसो, मेमरीमॅप यशस्वीच होतं. जागा साधी रॅम असेल तर ते मुकाट्याने लिनियर मॅपिंगमधला ॲड्रेस देतं. त्या तुलनेत आयओरीमॅप प्रामाणिक आहे: एक्स८६ वरही ते रॅमवर चालवलं तर 'आयओरीमॅप ऑन रॅम' असा इशारा छापून नल देतं. हा इशारा तुमच्या लॉगमध्ये असेल तर तो बंद करायचे मार्ग शोधू नका. तुमची राखण गेली आहे हे कर्नल तुम्हाला स्वच्छ सांगतो आहे.

म्हणून प्रोबच्या अगदी सुरुवातीला, कार्डाचं बस मास्टरिंग चालू करण्याआधी, आम्ही रीजन_इंटरसेक्ट्स हे फंक्शन बोलावतो आणि विचारतो की २ जीबीपासूनची ६४ एमबी 'सिस्टिम रॅम' ला कुठे स्पर्श करते का. उत्तर 'रीजन_डिसजॉइंट' सोडून दुसरं काहीही आलं तर ड्रायव्हर जागेचा ॲड्रेस लॉगमध्ये लिहितो आणि लोड व्हायला नकार देतो. पूर्ण बदल दहा-बारा ओळींचा आहे. त्यानंतरच्या एका अपडेटमध्ये बूट-नोंदींची पद्धत बदलली आणि आमचे तीन बॅकस्लॅश पुन्हा चुकीचे ठरले. त्या वेळी मशिन उठलं, कार्ड उठलं नाही, लॉगमध्ये एक ओळ होती, आणि चहा गार व्हायच्या आत तिन्हीतले दोन बॅकस्लॅश काढून झाले.